खोडायला लावलेलं नाव

कार्डिगनशायर, वेल्स
नोव्हेंबर १८६८

जमीनदारांचे कारभारी श्री. लॅक्सटन यांस,

आपलं कूळ इथेल प्यू याजकडून सादर. काल निवडणुकीत मत सर्वांदेखत मोठ्याने सांगायचं होतं आणि आपण श्रवणभक्तीसाठी कारकुनाच्या टेबलालगत उभे होतात. मी तोंड उघडण्याआधीच त्याने माझ्या नावापुढे जमीनदारांच्या उमेदवाराचं नाव लिहून टाकलं.

"अहो, मी अजून बोललोच नाही," मी म्हणालो.

"तुमच्या मालकांची सगळी कुळं तेच बोलतात. पुढे सरका!"

आपण हसून म्हणालात, "प्यू, तुझं काम आयतंच झालं. जा घरी."

खरंच, नुसतं गप्प राहून आजोबांपासून कसलेलं शेत वाचत होतं. पण तीस वर्षं मी चॅपलमध्ये रविवारच्या प्रार्थनेला सत्यावर प्रवचनं झोडतोय, आणि ऐकणारे सगळे मागे रांगेत उभे! मी आमच्या चॅपलवाल्या उमेदवाराचं नाव घेतलं. कारकुनाने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं आणि आधीचं नाव खोडायला लावलं. आपलं हसू तिथेच थांबलं.

घरी ग्वेनलियनने विचारलं, "बोललात?"

"दोनदा बोलावं लागलं."

"म्हणजे पहिल्यांदा पुटपुटलात!" असं म्हणत माझ्या बायकोने फळीवरच्या बशा उतरवून पेंढ्यात गुंडाळायला घेतल्या.

शेत सोडण्याची नोटीस येणारच. मेंढ्यांना कोकरं होईपर्यंत तरी राहू द्या, अशी गयावया करायला मी हा कागद घेतला होता. कागद भरला, गयावया काही उतरली नाही. तेव्हा पाठवण्यासारखं यात काही उरलेलं नाही.

अजून तरी आपलं कूळ,
इथेल प्यू