करुणाचा डाएट चार्ट

१० जुलै, संध्याकाळी
आषाढ पौर्णिमा. वर्षावास सुरू. विहारात ग्रंथवाचनाआधी मी उभा राहून जाहीर केलं, तीन महिने मांसाहार बंद. टाळ्या थोड्या कमी पडल्या. लोकांच्या हातात छत्र्या होत्या.
घरी आलो तर उमरीहून सासूबाई आलेल्या, पिशवीत एक तलंग. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, हे मला आज कळलं. बायको पंचशीला लातूरला आहे, लेकीचं, विशाखाचं बाळंतपण तोंडावर आलंय. सव्वा महिन्यानं बाळ-बाळंतीण इथं नांदेडला येणार. सासूबाई म्हणाल्या, तवर हिला अंड्यावर आणा, पोरीला रोज एक लागंल. न्हाई आली तर हिचाच रस्सा करू.
हे कोंबडीसमोर बोलायला नको होतं. तिचं नाव ठेवलं करुणा. तिला काही होऊ देणार नाही.

१२ जुलै, सकाळी ६
अकरा व्हिडिओ पाहिले. विषय आटोक्यात आहे. डाएट चार्ट करून लॅमिनेट केला. न्याहारी: पाच बदाम, भिजवून, साल काढून. दुपारी मऊ भात, मुगाचं वरण, तूप. चार वाजता सफरचंद. संध्याकाळी दूध-पोळी.
करुणानं कशालाही चोच लावली नाही. चार्टचा कोपरा मात्र टोचला. वाचनाची आवड दिसते.

१४ जुलै
विशाखाला मुलगी झाली. दोघी बऱ्या. फार आनंद.
फोनवर पंचशीलाला चार्ट वाचून दाखवला. ती म्हणाली, लग्नाला तीस वर्षं झाली, माझ्यासाठी कधी बदाम भिजवलेत का. विषयांतर.

१५ जुलै
करुणानं अंगणात गांडूळ धरलं. मी अर्धं चोचीतून सोडवलं. ऐन वर्षावासात माझ्या घरी प्राणिहिंसा. विहारात कळलं तर काय म्हणतील?
निर्णय: करुणाही तीन महिने शाकाहारी. मुक्काम मागच्या खोलीत, फरशीवर. तिथं माती नाही, किडा नाही, मोह नाही.
पंचशीला फोनवर म्हणाली, शील तुम्ही घेतलंय, कोंबडीनं न्हाई. बायकांना वातावरणाचं महत्त्व कळत नाही.

२२ जुलै
शेजारच्या गुणाबाई डोकावल्या. एक म्हैस, सात कोंबड्या, एक उकिरडा. शिक्षण चौथी. म्हणाल्या, भाऊ, कोंबडीला दात हायत का? मी म्हणालो, नाहीत. म्हणाल्या, मग खडे न्हाई गिळले तर दाणा दळंल कशात?
मुद्दा पटला. उद्यापासून बदाम मिक्सरमधून.

२७ जुलै, रविवार
लोह्याला जावं लागलं. तिथल्या ऑफिसातल्या श्रीमंतरावांच्या नातवाचं जावळ. बोकड. मी स्पष्ट सांगितलं, फक्त रस्सा. आता वाढप्याच्या पळीतून तुकडे आले, त्याला माझा काय इलाज? ताटात टाकून उठणं म्हणजे अन्नाचा अपमान. पळी तीनदा आली. नळ्याही त्यातच आल्या.
इच्छेनं केला तर तो मांसाहार. ही परिस्थिती होती.
छत्री तिथंच राहिली. घरी आल्यावर करुणानं माझी बोटं फार आस्थेनं टोचली. हात पुन्हा धुतले.

३ ऑगस्ट
पहिलं अंडं! कवच नाही, नुसती मऊ पिशवी. म्हणजे बाळंतिणीला सोलायचा त्रास नाही. हे आधी कुणाला सुचलं नसावं.
संध्याकाळी ५: फोटो काढायला गेलो तर करुणानंच ते खाऊन टाकलेलं. अंडं शाकाहारात धरावं का, यावर विचार चालू आहे.

९ ऑगस्ट
करुणा उठत नाही. पिसं फुगवून कोपऱ्यात बसली आहे. गळ्याखालची पिशवी हाताला कडक लागते. मांडीवर घेतलं तर तिनं माझ्या तळहातावर मान टाकली. मला रडू आलं. घरात कुणी नव्हतं ते बरं.
पशुदवाखान्यात नेली. डॉक्टरांनी विचारलं, काय खाते? मी चार्ट दिला. त्यांनी दोनदा वाचला. विचारलं, हा पेशंट वेगळा आहे का? मग तिचा गळा चोळून औषध पाजलं आणि म्हणाले, ज्वारी, बारीक खडे, शिंपल्याचा चुरा आणि किडे. मातीत मोकळी सोडा. किडे तिचे ती धरेल, तुम्हाला पाप लागत नाही.
येताना गुणाबाईंच्या फाटकाशी थांबलो. करुणा त्यांच्या हातात दिली. त्यांनी तिला उकिरड्यावर सोडलं.
ही बदली आहे. पराभव नाही.

२१ ऑगस्ट
करुणा अंड्यावर आली. कवचासकट. गुणाबाई म्हणतात, कण्या अन् उकिरडा, दुसरं काय. खरं म्हणजे बदामाचा गुण उशिरा येतो.
विहारात सांगून आलो, माझी कोंबडी पूर्ण शाकाहारी आहे आणि अंडी देते. मंडळी रविवारी बाळ बघायला येणार आहेत. करुणालाही बघतील.

२४ ऑगस्ट, रविवार
पंचशीला, विशाखा, बाळ काल आले. सासूबाईही आल्या. गुणाबाईंनी पाठवलेली करुणाची तीन अंडी बघून त्यांनी रस्सा रद्द केला. करुणा वाचली. मला भरून आलं.
इथंच थांबायला हवं होतं.
मंडळी ओसरीवर जमली. मी करुणाला गुणाबाईंकडून उचलून आणलं, मांडीवर घेतलं आणि आहारातल्या अहिंसेवर बोलू लागलो. हिनं चाळीस दिवस एकही जीव दुखवला नाही, एवढं म्हणतोय तोवर ती उतरली आणि पायरीवरची पाल धरली. आधी आपटली, मग गिळली. शेपटी बराच वेळ बाहेर होती.
मी म्हणालो, जनावराला मोह आवरत नाही. माणसाला आवरतो.
तेवढ्यात फाटकातून श्रीमंतराव. हातात माझी छत्री. म्हणाले, साहेब, जावळात विसरलात. आमचा वाढपी अजून तुमची आठवण काढून राहिला. म्हणतो, इतक्या नळ्या फोडणारा पाव्हणा लोह्यात आला न्हाई.
सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मंडळी चहा न घेताच उठली. मी करुणाकडं बोट दाखवून काही म्हणणार होतो, तर बाळाला थोपटत पंचशीला म्हणाली, तिला बोलू नका. तिनं कुठं विहारात उभं राहून टाळ्या घेतल्या होत्या?

२५ ऑगस्ट, सकाळी
चार्ट स्वयंपाकघरात लावलेला आढळला. करुणाच्या नावावर चिकटपट्टी, वर पंचशीलाच्या अक्षरात माझं नाव, आनंदराज. खाली मुदत: आश्विन पौर्णिमेपर्यंत.
न्याहारीला पाच बदाम मिळाले. भिजवून, साल काढून. समोर विशाखा उकडलेलं अंडं मीठ लावून खात होती.
खिडकीतून गुणाबाईंचा उकिरडा दिसतो. करुणानं उकरून गांडूळ काढलं. मान वर करून आधी आमच्या घराकडं नीट बघून घेतलं, मग खाल्लं.
बदाम खरंच चांगले लागत नाहीत.