बस वळायची जागा

३ सप्टेंबर, बुधवार

झाली एकदाची शेड! रस्ता आमच्या वस्तीशी संपतो. तिथं मुलं आजवर उन्हापावसात शाळेच्या बसची वाट बघत उभी राहायची. आता डोक्यावर पत्रा, खाली बाक. गवंड्यानं खांब रोवले, सुतारानं बाक केला. फीत शिंप्यानं आणली आणि कापलीही त्यानंच, कात्री त्याची म्हणून. शेड लहान, भाषणं लांबलचक. धाकटी बाकावर आडवी होऊन म्हणाली, "आई, आपण इथेच राहू या?"

४ सप्टेंबर, गुरुवार

बस आली. मुलं शेडमध्ये ऐटीत बसलेली. ड्रायव्हरकाका उतरले, शेडभोवती एक चक्कर मारली, डोकं खाजवलं.

"झकास बांधलीय. आता मी बस वळवू कुठं?"

बस रोज त्याच मोकळ्या तुकड्यावर वळायची — सगळ्यांच्या डोळ्यांदेखत! एवढी सपाट जागा रिकामी का, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. मलाही नाही. आणि मी म्हणे सगळ्यांच्या चुका काढते!

काका पुलापर्यंत उलटे गेले. मुलं खिडकीतून टाळ्या पिटत होती.

५ सप्टेंबर, शुक्रवार

बसच्या मॅनेजरचा निरोप: मुलं आत असताना बस रिव्हर्स न्यायची नाही. सोमवारपासून पुलावरच थांबेल. पूल तासाच्या चालीवर, आणि वाटेत खाणीचे ट्रक. मोठी मुलं सायकल मारतील. धाकटी आठ वर्षांची.

लगेच नणंदेचा फोन. ती शहरात, शाळा दोघींच्या मधोमध. आमची बस इकडून जाते, त्यांची तिकडून. "वहिनी, पाठव तिला माझ्याकडे. आमच्याकडे बस दारात येते, दारात!"

हे म्हणाले, "वर्षभराचा तर प्रश्न."

वर्षभराचा तर!

धाकटीनं ऐकलं असावं. संध्याकाळी दप्तरात आपली उशी कोंबून बघत होती, मावते का. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली.

६ सप्टेंबर, शनिवार

शेडमध्येच सभा. पाडायची का? गवंडी म्हणाला, "माझे खांब आहेत. हत्ती आणा." सुतार म्हणाला, "बुधवारी उद्घाटन, आज पाडापाडी. लोक तोंडात शेण घालतील." शिंप्याचं मत, जरा सरकवू. जशी काही सदऱ्याची बाहीच — उसवली, पुढे जोडली!

मग हळूहळू सगळ्यांचे डोळे समोरच्या आमच्या भिंतीकडे वळले. भिंतीमागे आमचं ऐसपैस अंगण. भिंत मागच्याच वर्षी घातली, सकाळी उठल्या उठल्या याच मंडळींची तोंडं दिसू नयेत म्हणून.

"वहिनी, तुमची भिंत काय देखणी आहे हो," गवंडी म्हणाला. "मीच बांधलेली."

"मग पाडायला सोपी जाईल," मी म्हटलं.

हे माझ्याकडे बघतच राहिले.

७ सप्टेंबर, रविवार

सोपी कसली! दुपार झाली तरी अर्धी उभीच. मेल्यानं खरंच चांगली बांधली होती. प्रत्येक घावाला माझ्याकडे बघून हसत होता.

धाकटीनं उशी पुन्हा पलंगावर नेऊन ठेवली.

८ सप्टेंबर, सोमवार

वळली! एक कुंडी गेली. जाऊ दे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

नवी शेड ओस. मुलं आमच्या पायरीवर बसतात, त्यांचे आईबाप कट्ट्यावर. चहा मीच करते, मीच नावं ठेवते. शिंपी तर कप घेऊन थेट खिडकीत उभा राहतो. "साखर कमी पडली, वहिनी." जिभेवर कात्री चालवावी याच्या!

पण सकाळ कशी भरल्यासारखी वाटते. हे मात्र बाहेर बोलायचं नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

नणंदेचा फोन. त्यांच्याकडे पाइपांसाठी सगळे रस्ते खणलेत, बस बंद. मग म्हणाली, "वहिनी, माझी दोघं राहतील तुझ्याकडे? वर्षभराचा तर प्रश्न."

"पाठव की," मी म्हटलं. "पण आमच्याकडे बस दारात नाही हं येत. अंगणात येते."

धाकटी उशा शोधतेय.