रेशनला रेणुका, मतदानाला हिरा

मु. वराळे, ता. मावळ
मंगळवार, दुसरा चहा झाल्यावर

उर्सेकर मारुतीभाऊंना वराळ्याच्या श्रीपतीचा, म्हणजे निवृत्त हवालदाराचा, कंबर दुखत असूनही ताठ उभा राहून रामराम.

घरी सगळे बरे आहेत असं धरून चालतो, कारण तसं नसतं तर नंदावहिनींनी एव्हाना फोन करून आम्हाला घाबरवलं असतं. तुमचा गुडघा काय म्हणतो? तेल लावता, की त्याच्याशीही अबोला धरलाय? म्हैस व्याली का? रेडकू झालं की पारडी, ते हिनं मुद्दाम विचारायला सांगितलंय. इकडं आम्ही सुखरूप. माझी तब्येत उत्तम आहे. (डॉक्टरचं मत जरा वेगळं आहे, पण डॉक्टर वयानं फार लहान आहे.) सुरजची फॅक्टरी चालू आहे, सूनबाई आणि नात मजेत.

वराळ्याहून उर्से म्हणजे काही काश्मीर नाही, मग हा माणूस पत्र कशाला लिहितो, असं तुम्ही म्हणाल. भाऊ, ह्या उन्हाळ्यात तीनदा येऊन गेलो. तिन्ही वेळा तुम्ही हाताला धरून पाटावर बसवलंत, वहिनींनी गरम भाकरी वाढली, आणि जे बोलायला आलो होतो ते भाकरीबरोबर पोटात गेलं. फोनवर म्हणावं तर तुम्ही 'व्हय, व्हय' करून ठेवून देता. पलटणीत साहेबापुढं तोंड उघडायची छाती नसली की आम्ही अर्ज लिहायचो. हा तसलाच अर्ज समजा.

गोष्ट फौजेच्या कागदाची आहे. निवृत्त झालो तेव्हा मला डिस्चार्ज बुक मिळालं. त्यात माझी सगळी नोकरी आहे, छातीचं माप आहे (ते आता इतिहासजमा), आणि बायकोचं नाव आहे : रेणुका. माझ्या माघारी पेन्शन द्यायची ती ह्या नावाच्या बाईला. आणि आत्ता माझ्या स्वयंपाकघरात भांडी आपटणारी जी बाई आहे, ती आधारकार्डावर हिरा आहे. उद्या मी डोळे मिटले की सरकार हातात पेन्शन घेऊन रेणुकाला शोधत फिरणार, आणि हिरा दारात बसून राहणार. मी आहे तोवर कागद दुरुस्त होईल. नंतर हिनं एकटीनं कुठल्या खिडकीपुढं उभं राहायचं? सुरज चांगला आहे, पण ह्या वयात बाईनं औषधाच्या गोळीसाठी पोराच्या तोंडाकडं बघावं, हे मला सहन व्हायचं नाही. हे ध्यानात आल्यापासून मी हा कागद घेऊन वणवण करतोय.

भानगड कशी झाली हे तुम्हाला ठाऊक आहे, पण सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. (हा वयाचा गुण.) आपली रेणुका बाळंतपणाला म्हणून तुमच्याकडं आली आणि पोटातल्या बाळासकट काविळीनं गेली, तेव्हा मी सरहद्दीवर होतो. तार मिळून घरी पोचेस्तोवर तेरावा उरकला होता. पुढं घरच्यांनी एका सुट्टीत भाजे गावच्या हिराशी लग्न ठरवलं. ताटात तांदूळ पसरले, नवरीचं नवं नाव लिहायला मी अंगठी घेऊन बसलो, आणि आमचे हौशीरामकाका मध्ये पडले. काका लष्कराच्या भटारखान्यात होते, त्यामुळं फौजेचं आपल्याइतकं जनरललाही कळत नाही असं त्यांचं मत. म्हणाले, "फौजेत बायकूचं नाव बदलायचं म्हंजी लय लचांड. कागद वर जातो, खाली येतो, तवर मानूस रिटायर व्हतो. त्यापरीस बायकूचंच नाव बदला की." अख्ख्या मांडवाला हे पटलं. (पंगत मांडलेली असली की मांडवाला काहीही पटतं.)

ही गोष्ट आमच्याकडं कितीतरी वर्षं हसण्यावारी सांगतात. पण भाऊ, ते नाव काकांमुळं लिहिलं गेलं नाही. तुमची आई आली होती मांडवात. जावयाच्या दुसऱ्या लग्नाला सासू येते कधी? ती आली, सगळ्यांच्या मागं उभी राहिली, आणि काकांचं बोलणं संपल्यावर एवढंच म्हणाली, "तेच नाव ठिवा. घरात हाक मारायला तरी मिळंल." मी रेणुका असं लिहिलं. हिरानं मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

तेव्हापासून ती तुमच्या घरची रेणू झाली. तिचे आईबाप लवकर गेले, पाठीला भाऊ नाही, त्यामुळं कुणी माहेर विचारलं की ती उर्सेच सांगते. गेलेल्या सवतीच्या नावानं करतात तो चांदीचा टाक गळ्यात घालते. सणाच्या दिवशी त्याला घास दाखवल्याशिवाय स्वतः जेवत नाही. मी चेष्टेनं म्हणायचो, माझ्या ताटाला थांबत नाहीस, हिच्या ताटाला थांबतेस. ती म्हणायची, "तुमी रागवून जेवता तरी. ती कुटं जेवनार?" आधारकार्डाचं शिबिर आलं तेव्हा मात्र जन्मतारखेचा पुरावा म्हणून हिच्याजवळ भाज्याच्या शाळेचा दाखला तेवढा निघाला, आणि त्यावर हिरा. सुरजच्या शाळेत आई रेणुका, रेशनला रेणुका, मतदानाला हिरा. आमचा संसार सुखाचा होता, कारण दोघींचं कधी भांडण झालं नाही.

तर मी हिला घेऊन पुण्याला पेन्शनच्या कचेरीत गेलो. कारकून पोरगा भला होता. त्यानं विचारलं, रेणुकाबाई कुठं आहेत? म्हटलं, ह्या काय बसल्यात. तो म्हणाला, ह्यांच्या कार्डावर तर हिरा आहे. म्हटलं, हो, ह्याच हिरा. मग रेणुका कोण? त्याही ह्याच. म्हणजे एकच बाई? नाही, दोन, पण एका वेळी एक. त्यानं पाणी प्यायलं, मलाही दिलं, आणि हळूच समजावलं, की आजोबा, पहिली गेल्याचा दाखला आणा, दुसऱ्या लग्नाचा पुरावा आणा, नाव चढवून देऊ. दाखला नसेल तर कागदावर पहिली जिवंत आहे. आणि पहिली जिवंत असताना दुसरी म्हणजे तुमचं लग्न बेकायदेशीर. नोकरीत असताना मला सुभेदारीची बढती मिळाली नाही, आणि ह्या वयात थेट दोन बायकांचा दादला झालो.

बाहेर छत्रीखाली एक एजंट बसतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, कशाला गेलेलीच्या मागं लागता? रेणुका आणि हिरा ही एकच बाई, असं स्टॅम्पवर लिहून देऊ, काम फत्ते. फक्त एक अडचण आहे. रेकॉर्डात बायकोच्या ओळखीची खूण लिहिलीय : हनुवटीवर गोंदणाचा ठिपका. ह्यांच्या हनुवटीवर तो नाही. तर तेवढा करून आणा.

म्हणून आम्ही दोघं लोणावळ्याला टॅटूच्या दुकानात गेलो. (हसा. सूनबाई अजून हसते.) चिक्कीच्या दोन दुकानांच्या मधोमध काचेचं दार, आत गार हवा आणि धडधड गाणं. कानात बाळ्या घातलेला पोरगा पुढं आला, हिला खुर्चीत बसवलं आणि अदबीनं विचारलं, "आजी, फुलपाखरू काढू का विंचू?" शेजारच्या खुर्चीत एका पोरीच्या खांद्यावर वाघ निघत होता; तिनं वाघ अर्धा ठेवून आमच्याकडं बघायला सुरुवात केली. पोरानं हिची हनुवटी पुसली आणि नमुना मागितला. मी खिशातून झेरॉक्स काढली.

ती झेरॉक्स म्हणजे रेकॉर्डातला फोटो. लग्न झाल्यावर पलटणीत द्यायला म्हणून मी आणि रेणुकानं लोणावळ्याच्याच स्टुडिओत काढला होता. एकच प्रत काढली, ती फौजेत गेली, आणि पुढच्या सगळ्या कागदांना तीच चालत आली. मागच्या महिन्यात अर्ज केला तेव्हा तिची नक्कल मिळाली. मी ती हिला दाखवली नव्हती. जिचं नाव हिनं जन्मभर लावलं, तिचं तोंड हिनं त्या खुर्चीत बसून पहिल्यांदा बघितलं.

झेरॉक्स हातात घेऊन दिव्याकडं धरली. मग म्हणाली, "लहान हाये की वो ही. आपल्या नातीयेवढी." पोरगा सुई घेऊन उभा. ही म्हणाली, "हिचं नाव घेतलं, हिचं म्हायेर घेतलं. तोंड न्हाई घेनार मी." आणि खुर्चीवरून उतरली. पोरानं पैसे घेतले नाहीत. गाणं मात्र बंद केलं. बाहेर आल्यावर ही फुटपाथवर टाक मुठीत धरून रडली, भाऊ, आणि मी तिच्या शेजारी चिक्कीची पिशवी घेऊन उभा होतो. येणारेजाणारे समजले, म्हाताऱ्यानं बायकोला चिक्की घेऊ दिली नाही.

मग सरळ रस्ता धरला. तुमच्या नकळत उर्से ग्रामपंचायतीत जाऊन आलो. (तुमच्या घरावरून गेलो. म्हैस दिसली, तुम्ही दिसला नाहीत.) तिथल्या ग्रामसेविका सविता मॅडमनी बिचाऱ्यांनी जुनी दप्तरं धूळ झटकून काढून बघितली. रेणुकाची नोंद नाही. कारण तुम्हाला आठवत असेल. पोलीसपाटील विचारायला आला तेव्हा तुमच्या आईनं त्याला उंबऱ्यातूनच माघारी लावून दिला होता, माझ्या पोरीचं असलं काही लिहायचं न्हाई म्हणून. कुणी लिहिलं नाही. त्यामुळं फौजेच्या हिशेबी रेणुका आहे, पंचायतीच्या हिशेबीही ती गेलेली नाही. ती गेली हे सांगू शकतील अशी माणसं आता तुम्ही, मी आणि वहिनी, एवढीच उरलीत.

असो. नोंद उशिरानं करता येते, मॅडम म्हणाल्या. एक कागद कमी आहे, तो मिळेल तेव्हा मिळेल. तुम्ही काळजी करू नका, हे नुसतं करमणुकीसाठी कळवलं. गुडघा सांभाळा. वहिनींना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, म्हशीला माझ्या वतीनं थोडी पेंड.

तुमचा मेहुणा, सगळ्या कागदांवर अजून जिवंत असलेला,
श्रीपती

ता. क. : आता कशासाठी लिहिलं ते. नोंद करायला रक्ताच्या माणसाचं प्रतिज्ञापत्र लागतं, आणि रेणुकाच्या रक्ताचं तुमच्याशिवाय कोणी राहिलेलं नाही. वडगावला तहसील कचेरीत येऊन एवढंच सांगायचं, की माझी बहीण रेणुका आमच्या राहत्या घरी वारली. हे वाक्य तुम्ही आजवर एकदाही तोंडातून काढलेलं नाही, मला माहीत आहे. मीही वर सगळीकडं 'गेली' असंच लिहिलंय. 'वारली' हे आत्ता लिहिलं आणि पेन ठेवून परसात जाऊन आलो. डॉक्टर वयानं लहान असला तरी त्याचं म्हणणं खरं आहे, भाऊ. दिवाळीपर्यंत हे व्हायला हवं.

आणखी ता. क. : हिनं सगळं वाचलं. म्हणते, दादाला असलं सांगायला लावून मला पेन्शन नको. "दादानं भैन मेली असं लिवून दिलं, मंग भाऊबिजेला मी त्याच्याकडं कोन म्हनून जाऊ?" ऐकलं आणि मी तडक उठलो. वकिलाकडं जाऊन म्हटलं, त्याच कागदावर खाली एक ओळ घाला : 'मला दुसरी बहीण आहे, तिचं नाव हिरा, ती हयात आहे.' वकील म्हणतो, कायद्याला ह्या ओळीची गरज नाही. म्हटलं, कायद्याला नसेल, आमच्या घराला आहे. ओळ घालून घेतली आहे. मसुदा सोबत आहे.

शेवटचं : पाकिटात मागं फोटोची झेरॉक्स आहे. तुमच्याकडं तिचा एकही फोटो नाही, म्हणून तुम्हाला. मला त्यातून कापून काढलंत तरी चालेल. हे पत्र पोस्टानं आलेलं नाही, हीच घेऊन आली आहे. आत आली नसेल. बाहेर ओट्यावर पदर आवळून बसली असेल, आणि तुमचं वाचून होईस्तोवर हलणार नाही. सहीचं तुमचं तुम्ही ठरवा, मी रागावणार नाही. पण वाचून झालं की तिला घरात बोलवा, आणि आज हिरा म्हणून बोलवा. लग्न झाल्यापासून त्या नावानं तिला माहेरी कुणी बोलावलेलं नाही.