आईंच्या नखांवरच्या तीन रेषा

तुमच्या आईंच्या दहाही नखांवर तीन आडव्या पांढऱ्या रेषा आहेत. दोन रेषांमध्ये तिळाच्या रुंदीएवढं अंतर आहे. तुम्ही म्हणालात, "बुढीचे नखं असेच असतात." म्हातारपणी नखांवर उभे कंगोरे येतात, नख जाड आणि पिवळं होतं. आडव्या रेषा वयाच्या नसतात. देहाला धक्का बसला की त्या उमटतात. या वयात नख महिन्याला तिळभर वाढतं, म्हणजे दर महिन्याला एक धक्का.

आईंच्या नावावरच्या शेतातल्या कापसाचा भाव चढल्यापासून तुम्ही तीनदा गाड्या घेऊन अकोल्याला गेलात. दर खेपेला आईंसाठी शक्तीच्या चूर्णाची पुडी आणलीत. काल मी त्यातलं चिमूटभर निखाऱ्यावर टाकलं. लसणाचा वास आला. सोमल हे विष जळताना असा वास येतो, हे मला माझ्या वैद्य वडिलांनी शिकवलं आहे.

भाकरी टोपलीत झाकली आहे. गाईला पाणी दाखवलं आहे. उरलेली पुडी मी बरोबर नेत आहे.

आईंना मी काहीच सांगितलं नव्हतं. आज नखांना तेल लावताना त्या आपणहून बोलल्या, "मले पहिल्याच पुडीपासून मालूम होतं, जमुना. पोटचा पोरगा हाय, म्हणून पेत होती. आता नाई पेत. चाल, तुह्या बापाकडे रिद्धपूरले जाऊ."