नव्या प्रोग्रामवरचा आळ

प्रिय बारक्या,

रागावला आहेस, माहीत आहे. त्या दिवशी फोनवर मी तुला नाही नाही ते बोलले. तेव्हापासून तू फोन करतोस तो थेट बाबांना, मला टाळून. कर बापडा. पण हे पत्र अर्ध्यावर सोडू नकोस. आपल्या घरात एका खोलीत शिंकलं तर दुसऱ्या खोलीतून चौकशी होते, म्हणून फोनवर बोलता येत नाही. बाबा बाहेर फिरायला गेलेत, तेवढ्यात लिहिते आहे; आत्ता फोन लावला तरी तू माझा उचलणार नाहीस.

सुट्टीत तू त्यांचा कॉम्प्युटर बदलायला घेतलास तेव्हाच मी कपाळाला हात लावला होता. जुन्या सिस्टिमचे अपडेट बंद होणार, आराखड्यांच्या प्रोग्रामची वर्गणी दरवर्षी वाढणार, त्यापेक्षा नवा आणून त्यात लिनक्स ही मोफत सिस्टिम घालू, सगळ्याला खुला, बिनपैशाचा पर्याय असतो, असं तू छातीठोकपणे सांगितलंस. पत्रं लिहायला मिळाला, फोटोंना मिळाला. घोडं अडलं ते बाबा ज्यांचे आराखडे काढतात त्या जिन्यांपाशी. इतक्या वर्षांचे आराखडे नव्या प्रोग्राममध्ये उघडेचनात. तू एक प्रोग्राम घातलास, काढलास, दुसरा घातलास, जेवायला हाक मारली तर अंगावर यायचास. शेवटी एकेक फाइल दुसऱ्या साच्यात बदलून घेतलीस आणि मिलिमीटरचे इंच झाले नाहीत ना, हे पट्टी लावल्यासारखं तपासलंस. बाबांच्या डाव्या हाताला ज्या अक्षरांची सवय होती तीच अक्षरं तू नव्या प्रोग्रामला शिकवलीस. एल दाबला की रेघ. बाबा मागे उभे राहून कुरकुरत होते, पण तुझी पाठ वळल्यावर शेजाऱ्यांना बोलावून दाखवत होते. हे तुला कोणी सांगितलं नसेल.

तू गेलास आणि कटकट सुरू झाली. हे कुठे गेलं, ते कुठे ठेवलं, मघाशी इथेच होतं. एका जिन्याला एक दिवस पुरायचा तिथे आठवडा जायला लागला. पोरानं चांगलं चाललेलं बिघडवून ठेवलं, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे आणि मी मान डोलवायचे. मग एक दिवस वर्कशॉपवाले काका आराखड्याची गुंडाळी घेऊन दारात उभे राहिले. दवाखान्याचा जिना होता. खालपासून सगळ्या पायऱ्या बरोबर आणि सगळ्यात वरची चार बोटं उंच. लोखंड कापायच्या आधी त्यांच्या लक्षात आलं म्हणून, नाहीतर तिथे चढणारी म्हातारी माणसं तोंडावर आपटली असती. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. पाय डोळ्यांनी चढत नाही, सवयीनं चढतो, हे आपल्याला लहानपणापासून ऐकवणारा माणूस! मग म्हणाले, नव्या प्रोग्रामनं माप खाल्लं. काकांना ते लगेच पटलं. मलाही पटलं आणि मी तुला फोन लावला.

मी तोंड सोडलं होतं तेव्हा तू एकच गोष्ट म्हणालास. ताई, माप खाल्लं असतं तर सगळ्याच पायऱ्या सारख्या चुकल्या असत्या. मी तुला उद्धट म्हणाले. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना तेच.

मग मी माळ्यावरून जुना कॉम्प्युटर खाली काढला. त्यातलं तू काही पुसलं नव्हतंस आणि त्या प्रोग्रामची वर्गणी संपायला थोडे दिवस बाकी होते. खरं सांगते, मला तुला खोटं पाडायचं होतं. तू चुकलेला असावास अशी माझी फार फार इच्छा होती. दुपारी बाबांना त्याच्यासमोर बसवलं. म्हटलं, घ्या तुमचा जुना सोबती. ते हसले. डावा हात अक्षरांवर ठेवला आणि हात तिथेच राहिला. मग माझ्याकडे पाहिलं, लहान मूल पाहतं ना, तसं. मी घाईघाईनं एक जुनी फाइल उघडून दिली. आपल्याच घराचा जिना, आई असताना त्यांनीच काढलेला. बाबांनी तो पडद्याजवळ वाकून नीट पाहिला. काम सफाईचं आहे म्हणाले. कोणी काढलाय?

माझ्या तोंडाकडे पाहून त्यांना काहीतरी कळलं असावं, कारण ते एकदम चिडले. हाही बिघडवला का त्यानं, म्हणाले, आणि उठून गेले.

परवा डॉक्टरांकडे जाऊन आलो. विसरणं वाढत जाणार, औषधानं फार तर सावकाश वाढेल. डॉक्टरांनी त्रास कधीपासूनचा असं विचारलं, तर बाबा म्हणाले, मुलानं कॉम्प्युटर बदलला तेव्हापासून. इतक्या खात्रीनं म्हणाले की डॉक्टर क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मी काही बोलले नाही, आणि त्याचसाठी हे पत्र आहे. तुझं बरोबर होतं, बारक्या. तुझ्या प्रोग्राममध्ये काहीही खोट नाही. पण हे बाबांना सांगू नकोस, कधीच सांगू नकोस. त्यांना धरायला तेवढा एकच कठडा उरलाय. तू ये. त्यांच्या शेजारी बस, ते तुला वाट्टेल ते बोलतील, तू खाली मान घालून ऐक आणि म्हण, हो बाबा, माझंच चुकलं, दुरुस्त करतो. दोन-चार बटणं दाबल्यासारखं कर. लवकर ये, अजून तुझं नाव घेऊन ओरडतायत तोवर.

तुझीच, भांडकुदळ
ताई