बरणीवरचं लेबल

वारजे, पुणे
रविवार, ९ मार्च २०२५

प्रिय अक्षता,

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून पत्र फाडावंसं वाटेल. फाड, पण वाचून.

इकडे ऊन आताच भाजतंय. पूर्वाची बारावीची परीक्षा चालू आहे. मी अजून खराडीच्याच प्रयोगशाळेत. तुझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं आपल्या प्रयोगशाळेतल्या शालनकडून कळलं. आता चालतात का त्या?

हे सगळं विचारत मी मूळ गोष्ट टाळतेय.

आपण बोटीवरून उपसला होता त्याच तेलविहिरींजवळचा गाळ पुन्हा तपासणीला आला. खोदताना समुद्रात सोडलेल्या चिखलातलं बेरियम अजून तळाशी तसंच आहे. गाळ जिवंत असल्याची खूण म्हणजे किडे, ते चाळणीत जवळजवळ नाहीतच. या वेळी बोट तुलनेच्या नमुन्यासाठी खरोखर पंचवीस किलोमीटर लांब गेली. तिथला गाळ स्वच्छ, किड्यांनी भरलेला.

आमचे प्रमुख राकेश सर म्हणाले, "मॅडम, तो लांबचा नमुना वगळा. मागे तुम्हीच लिहिलंय ना, बेरियम इथं निसर्गतःच आहे म्हणून?"

मीच लिहिलंय. उद्या अहवालावर सही केली की नव्या विहिरींना परवानगी.

आपण गाळ उपसला त्या दिवशी समुद्र खवळला होता, मी उलट्यांनी बेजार. मीच म्हणाले, "इथलाच गाळ घे, लांबचा म्हणून लिही." तू खरं अंतर लिहिलंस. वर म्हणालीस, "बाईसाहेब, समुद्र तुमचं लेबल वाचत नाही."

पुण्यात आल्यावर मी तुझ्या लेबलवर माझं, '२५ किमी'चं, चिकटवलं; लांबही तेवढंच बेरियम दिसलं, म्हणून ते निसर्गतःच ठरलं. तू तक्रार केलीस, तेव्हा चौकशीत मी म्हणाले, "अक्षताचा गोंधळ झाला असेल." तुझं कंत्राट गेलं. मला बढती मिळाली.

शुक्रवारी कोल्ड रूममधून ती बरणी काढली. ओलं फडकं गुंडाळून ठेवलं, तसं वरचं लेबल सुटलं. खाली तुझं अक्षर, पेन्सिलीचं, म्हणून टिकलेलं: "विहिरीपासून १ किमी. २५ नाही."

उद्या सही करणार नाही. बरणी, दोन्ही लेबलं आणि माझा लेखी जबाब परवानगी देणाऱ्या समितीकडे नेणार आहे. जबाबाची प्रत सोबत आहे; तुझं नाव पहिल्याच ओळीत. नोकरी बहुधा जाईल. काल पूर्वाला सांगितलं. ती म्हणाली, "आई, समितीला नंतर. आधी त्या मावशीला सांग."

समितीनं बोलावलं, तर अक्षर तुझं आहे एवढं सांगायला येशील? नाही आलीस तरी जबाब बदलणार नाही.

तुझ्या अक्षरावर कागद चिकटवणारी,
वैष्णवी