गाडीवरच्या खोलीतली आई

क्वार्टझाइट, ॲरिझोना
६ जानेवारी

चि. सौ. डार्लास, अ. आ.

आईला मी थंडीनं मारत होते म्हणे! आणि हे तू लिहितेस सलायनाच्या पक्क्या घरात, हीटरला पाय लावून. मी गावात पाण्याचे कॅन भरायला गेले, परत येते तर आईचं अंथरूण घडी घालून ठेवलेलं. शेजारी तळ टाकलेला म्हातारा ऑरविल मान खाली घालून सांगतोय, की त्यानंच तिला तुझ्याकडे येणाऱ्या बसवर बसवून दिलं. माझ्या आईला पळवून लावतो आणि संध्याकाळी कॉफी मागायला येतो! दिली नाही.

रात्री हीटर बंद करते, हे खरं. त्याचा पंखा बॅटरी खातो. पहाटे बॅटरी मेली की फ्रिज गेला, आणि फ्रिजात आईचं इन्सुलिन. दिवसा सोलर पॅनलवर जेवढं ऊन पडेल तेवढंच रात्री वापरायचं. माझ्या पिकअपला तुझ्या घरासारखी विजेची तार जोडलेली नाही. वारा सुटला की गाडीवर बसवलेल्या खोलीचं छत खाली ओढावं लागतं, नाहीतर कापडी भिंती फाटतात. मग दोघी पाठी वाकवून बसायचो. आई म्हणायची, शवपेटीत पडायची सवय आत्तापासूनच होतेय. हसून म्हणायची गं. म्हणून तर कळत नाही, ती का गेली. विचार तिला. इथे फोनला रेंज नाही, आणि लागला तरी तिला ऐकू येत नाही.

डोकं तापलंय, तरी लोभ आहेच.

तुझी,
रोंडा


सलायना, कॅन्सस
१२ जानेवारी

ती. रोंडाताईस, सा. न.

आधी तुझ्या पत्राचा राग आला, मग हसू आलं. आईला कॉफीचं तेवढं वाचून दाखवलं. म्हणाली, बिचाऱ्या ऑरविलला मीच गळ घातली होती, त्याला कॉफी दे.

थंडीचं मी माझ्याच मनानं लिहिलं होतं, चुकले. काल खोदून विचारलं तेव्हा बोलली. तिथे सकाळी जमिनीवर मांडलेली पॅनल पुसायचं काम तिनं आपण होऊन घेतलं होतं ना? पाणी लांबून आणावं लागतं म्हणून ती भांडी विसळलेलं पाणी वापरायची. मग तू तिला कॉफी देऊन आत बसवायचीस, आणि चांगलं पाणी घेऊन तीच पॅनल पुन्हा पुसायचीस. खिडकीच्या जाळीतून तिला सगळं दिसायचं. एकदा नाही, रोज. तिला वाटलं होतं, या वयात आपलाही काही उपयोग आहे. आणि तू तर लहान पोरीच्या हाती पिठाचा गोळा देऊन बसवावं तसं केलंस, असं म्हणाली.

इथे ती खोल्याखोल्यांतले दिवे विझवत हिंडते आणि मी ठेचकाळते. पण ताई, माझ्या कामाच्या दोन पाळ्या. दिवसभर ती एकटी. गेल्या आठवड्यात पायरीवरून पडली. १ फेब्रुवारीपासून वृद्धाश्रमात जागा मिळतेय. तिथे सगळं आयतं. आई हो म्हणाली. इतकी पटकन म्हणाली, की मलाच रडू आलं.

रागावलीस तरी लिहायची थांबू नकोस.

तुझी धाकटी,
डार्ला


क्वार्टझाइट
१७ जानेवारी

चि. सौ. डार्लास, अ. आ.

हो, पुसत होते. त्या पाण्यात साबण आणि तेलकटपणा असायचा, ओघळ राहायचे आणि त्यांवर धूळ बसायची. सांगितलं तर तिचं मन दुखेल, म्हणून गुपचूप पुसायचे. जन्मात पहिल्यांदा मी तोंड आवरलं, आणि ते असं. आई, हे काय करून ठेवलंस, असं ओरडले असते, तर तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी चांगलं पाणी घेतलं असतं. आम्ही दोघी तशाच जगत आलो. मला मेलीला नेमकं तेव्हाच शहाणपण सुचलं.

आता पॅनल लख्ख असतात. दुपारीच बॅटरी भरते. फ्रिजात ठेवायला काही नाही.

आश्रमात आयतं मिळतं म्हणतेस. आईला आयतं कधी गोड लागलंय? तिला सांग, तू पॅनल वाईट पुसायचीस. अस्संच सांग, त्याला साखर लावू नकोस. आणि सांग, की रोंडाला तू हवी आहेस, कामासाठी नाही. हे मला तिच्या तोंडावर म्हणता आलं नसतं, म्हणून लिहितेय. हीटर रात्रभर चालू ठेवीन, त्यासाठी दुसरी बॅटरी बसवतेय. ऑरविल मदत करतोय. कॉफी द्यावी लागते.

ती नाही म्हणेल, असं मला वाटतंय. म्हणू दे. पण विचार.

या सरकारी रानात दोन आठवड्यांवर एका जागी राहू देत नाहीत. १४ला इथे सरकले, आता बुधवारी, २८ला, हाही तळ हलवायचाय. ती येणार असेल तर गाडी थेट तुझ्या दाराशी आणते, एक तारखेच्या आत. तुझा लोभ मला ठाऊक आहे, पण या वेळी उत्तर तुझं नको. हो असो की नाही, आई जे म्हणेल ते तिच्याच शब्दांत लिही, शिव्यांसकट. मंगळवारी, २७ला, मी पोस्टाच्या खिडकीपाशी उभी असेन. तोवर पत्र आलंच पाहिजे.

रोंडा